तोरू घोडीचा हिरवा ठिपका

एसेनगुल दाजींना जुमाशचा सलाम.

(सलाम पायांशी ठेवायचा असतो, पण तुमचे पाय बिश्केकला सातव्या मजल्यावर आणि आम्ही तीन हजार मीटरवर, तेव्हा तो वरून खाली येतो आहे. राग मानू नये.)

इतर मजकुराआधी एक अत्यंत गंभीर तक्रार नोंदवतो. तुम्ही वापरून मला दिलेला फोन माझी पावलं मोजतो. मोजेना का. पण तो खोगिराच्या खिशात असतो, त्यामुळे मोजतो घोड्याची आणि लिहितो माझ्या नावावर. परवा त्याने जाहीर केलं की मी दिवसभरात एकेचाळीस हजार पावलं चाललो, आणि माझं हृदय उत्तम स्थितीत आहे. वर पदक दिलं. दाजी, मी बावन्न वर्षांचा माणूस आहे, आयुष्यात एकही पदक नाही, आणि पहिलं मिळालं ते दुसऱ्याच्या पायांवर. ज्याचे पाय, त्याला मात्र नुसतं गवत. हा अन्याय कोणापुढे मांडावा?

असो. आपल्या रीतीप्रमाणे आधी जनावरं आणि मग माणसं खुशाल आहेत ना? तुमच्याकडे जनावरं नाहीत, म्हणून गाडीची चौकशी करतो. ताईचे गुडघे कसे आहेत? इथे आई ठणठणीत. रोज सकाळी आपण आता चाललो असं सांगते आणि दुपारपर्यंत घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कुमीसच्या, तीन वाट्या पिऊन मुक्काम वाढवते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता. शिवाय आमच्या कुरणावर फोन लागतो तो एकाच खडकावर, आणि तिथे चढून खोटं बोलणं फार दमवणारं असतं. म्हणून दूधगाडीच्या ड्रायव्हरबरोबर हे पत्र.

तर तुमचा पट्टा. जून महिन्यात तुम्ही तो पाठवलात, गळ्यात बांधायचा, लाल दिवा लुकलुकणारा, घोडी कुठे आहे ते हिरव्या ठिपक्याने दाखवणारा. मला मनापासून आनंद झाला. (माझ्या बायकोने, बुर्माकानने विचारलं, "तुमच्या गळ्यात बांधायचा नाही ना?") तुम्ही गाव सोडून तीस वर्षं झाली, म्हणून आठवण करून देतो: आपल्याकडे घोडी बांधत नाहीत, शिंगरू बांधतात. शिंगरू दोरीला राहिलं की घोडी डोंगरात कुठेही चरू दे, पान्हा दाटला की स्वतःच्या पायांनी परत येते, दूध देते आणि पुन्हा जाते. ही पद्धत आपल्या आजोबांच्या आजोबांपासून चालू आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही. पण मी सुधारणावादी माणूस. म्हटलं, आता ठिपका आहे, बिचाऱ्या पिल्लाला दोरीचा जाच कशाला? बुर्माकान म्हणाली, "सोडू नका." मी म्हणालो, "विज्ञान आहे." ती म्हणाली, "मग संध्याकाळी विज्ञानाचंच दूध काढा."

संध्याकाळी ना आमची तांबूस तोरू आली, ना शिंगरू. दाजी, तुम्हाला ठाऊक आहे, दुधाची घोडी आता आमच्याकडे ती एकच. आईला दुसऱ्या कोणाच्या घोडीचा कुमीस चालत नाही. शेजारून आणलेला तिने हुंगला आणि वाटी उपडी घातली. आणि वरच्या घळीत यंदा लांडगे उतरलेत. मी खडकावर चढून फोन पाहिला. ठिपका खिंडीपलीकडे! जीव भांड्यात पडला. (भांडं रिकामं होतं, ही गोष्ट वेगळी.)

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. पट्ट्याचं खातं तुमच्या नावावर, तेव्हा ठिपका तुम्हालाही दिसत होता, आणि ताई सांगत होती की तुम्ही तो टीव्हीवर मोठा करून शेजाऱ्यांना बोलावलं होतंत. मी पहाटे निघालो आणि दर टेकाडावर जरा सिग्नल आला की तुमचा आवाज:

"जुमाश, उजवीकडे वळ! उजवीकडे!"

"दाजी, उजवीकडे कडा आहे."

"नकाशावर सपाट आहे!"

"मग नकाशावर वळतो, मी इकडून जातो."

"अरे, ताशी चाळीसने पळतेय! ही साधी घोडी नाही रे, शर्यतीची आहे! आता गोल गोल फिरतेय. का फिरते गोल?"

"मला कसं ठाऊक, दाजी?"

"आनंदात असेल!"

मागून तुमचे शेजारी टाळ्या वाजवत होते. मी त्या वेळी ओढ्यात मांडीपर्यंत भिजलेला होतो, कारण तुमच्या ठिपक्याने ओढा सरळ ओलांडला होता. कळवलं नाही, तुमचा उत्साह मोडला असता.

ठिपका शेवटी थांबला तो एका तंबूपाशी. बाहेर चुलीवर भलंमोठं पातेलं, वर झाकण, आणि मांस शिजल्याचा वास. घोडी कुठेच नाही. दाजी, मी फोन पाहिला: ठिपका इथेच. पातेलं पाहिलं. परत फोन पाहिला. माझ्या हृदयाची उत्तम स्थिती तिथेच संपली.

तंबूतून म्हातारा काचीबेक बाहेर आला, मागे त्याची बायको उल्कान. दोघांनी माझ्या घोड्याचा लगाम धरला, जणू वर्षभर माझीच वाट पाहत होते. आत नेलं, दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, हातावर पाणी घातलं. आणि आता आपल्या रीतीची गंमत बघा: पाहुण्याने खाल्ल्याशिवाय यजमान "का आलात?" विचारत नाही, आणि पाहुणा कामाचं बोलत नाही. म्हणजे ज्याने माझी घोडी शिजवली त्याला मी हवामान विचारत होतो. "यंदा गवत बरं आहे." "बरं आहे." "रस्ता कसा होता?" "ओला होता." मी भिंतीवर नजर फिरवत होतो, कुठे कातडं वाळत टाकलंय का. म्हातारी म्हणाली, "पाहुणे, इतके घाबरल्यासारखे का? खा ना पाव." मी चहाचे नऊ कप प्यायलो. प्रत्येक कपाबरोबर मनात काचीबेकला एक शिवी घातली. नववी इतकी अस्सल होती की तशी मी वडिलांच्या तोंडूनही ऐकली नव्हती.

दोन तासांनी झाकण उघडलं. काचीबेकने ताटात घालून माझ्यापुढे ठेवलं ते मेंढ्याचं डोकं. दोन कान, शिंगांचे बुडखे, अगदी तक्रारीला जागा नाही असं मेंढ्याचं डोकं! दाजी, मी जन्मात इतका देखणा चेहरा पाहिला नाही. मला रडू आलं. उल्कानला वाटलं, मी फार दिवसांचा उपाशी आहे. तिने चरबी वाढली. मग बारीक चिरलेलं मांस आलं, त्यात माझ्या तोरूची एकही शीर नव्हती, आणि मी तिघांचं एकट्याने खाल्लं. खाऊन दुवा मागत तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि मग तोंड उघडलं:

"काचीबेक आजोबा, एक घोडी शोधतोय. तोरू रंगाची, गळ्यात लाल दिव्याचा पट्टा."

"पट्टा होय!" म्हातारा हसला. "तो खिंडीतल्या काटेरी झुडपाला अडकलेला मिळाला. मी कुत्र्याच्या गळ्यात घातला. दिवा लुकलुकतो, लांडगे बिचकतात. घोडी नाही दिसली पण."

बाहेर एक अवाढव्य कुत्रा ताशी चाळीसने कुणाच्या तरी मोटारसायकलमागे धावून परत आला, मेंढ्यांभोवती दोन गोल फेऱ्या मारल्या आणि माझ्यापुढे बसला. आनंदात होता, हे तुमचं खरं.

परतताना मात्र हसू उतरलं. पट्टा खिंडीत तुटला म्हणजे घोडीला तिथे लांडग्यांनी पळवलं असणार. आणि शिंगरू महिन्याचं. वाटभर मी आईला काय सांगायचं ते जुळवत होतो. तंबूजवळ आलो तर बुर्माकान बादली घेऊन तोरूखाली बसलेली! शिंगरू दोरीला, आणि आई वाटी घेऊन रांगेत पहिली.

"कुठे सापडली?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? गेल्या वर्षी आपण जिथे तळ ठोकला होता तिथे. व्यायली की घोडी जुन्या तळावर जाते, हे लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं. टेकडीमागे अर्धा तास. पट्ट्याची जखम होती मानेवर, कशाला तरी घाबरून खिंडीतून माघारी वळली असेल. तुम्ही कुठे होतात?"

"विज्ञानामागे," मी म्हणालो.

आई वाटीतून वर न बघता म्हणाली, "जुमाश, बांध रे बाबा आता. शिंगरू नाही, स्वतःला."

घरची मंडळी खुशाल. ताईला नमस्कार, मुलांना पापे.

आपला,
जुमाश

ता. क. पट्टा मी परत आणला नाही. मागितला असता तर म्हाताऱ्याने लगेच सोडून दिला असता, म्हणूनच मागितला नाही. तेव्हा तुमच्या टीव्हीवर यापुढे तोरू मेंढ्यांभोवती फिरताना आणि मोटारसायकलींचा पाठलाग करताना दिसेल. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

ता. क. २. खरं तर पत्र लिहिलं ते याच कामासाठी. मी जे डोकं खाल्लं ते माझ्यासाठी नव्हतं. काचीबेकची मुलगी आणि जावई तीन वर्षांनी रशियाहून यायचे होते. मेंढा त्यांच्यासाठी कापला होता. ते आले नाहीत, मी आलो. म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात तिथे, फोन नाही, जवळचा तंबू चार तासांवर. कुत्रा मेंढ्यांबरोबर असतो, मेंढ्या म्हाताऱ्याबरोबर. तेव्हा दाजी, तो ठिपका बंद करू नका; पट्ट्याच्या चार्जिंगचं मी बघतो. रोज सकाळी चहा पिताना एकदा बघत जा. दोन दिवस हलला नाही तर मला फोन करा, कितीदाही. मी खडकावर येऊन थांबत जाईन. या वेळी उजवीकडे म्हणालात तरी वळेन.

ता. क. ३. हे ताईला सांगू नका, बुर्माकानला तर अजिबात नाही. गेल्या गुरुवारी मी मीठ आणायला जातो म्हणून निघालो आणि खिंड ओलांडली. आमच्या मेंढ्यांच्या पाठीवर लाल रंगाचा ठिपका असतो, काचीबेकच्या मेंढ्यांवर निळा. एक चांगला पुष्ट मेंढा नेला होता; ओढ्यावर बसून त्याचा लाल रंग घासून काढला, निळा लावला, वाळू दिला, आणि म्हातारा-म्हातारी आत चहा पीत असताना त्याला हळूच त्यांच्या कळपात सोडून दिलं. कुत्र्याने पाहिलं. भुंकला नाही.