वस्तीवरची गिरणी सुनेच्या नावे

माझा आजार बरा होणारा नाही, हे श्रीगोंद्याचे डॉ. अंगद शेलार यांनी काल मला समोर बसवून सांगितले. नगरहून आलेला छातीचा फोटो त्यांच्या हातात होता. इतक्या वर्षांचे पीठ फुप्फुसात बसले आहे. त्याच डॉक्टरांनी आज सकाळी मला पुन्हा तपासले, तारीख-वार आणि माणसांची नावे विचारली, आणि मी पूर्ण भानावर असून माझे निर्णय घेऊ शकते, असा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊन मी, श्रीमती चांगुणा रंगनाथ दरेकर, वय ६८, धंदा पिठाची गिरणी, राहणार दरेकर वस्ती, काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा सांगून लिहवून घेत आहे. लिहून घेणारे वकील सुनील मोटे माझ्या माहेरच्या नात्यातले आहेत आणि मला आत्या म्हणतात. यापूर्वी मी कोणताही कागद केलेला नाही.

१. राहते घर माझे पती कै. रंगनाथ यांच्या नावे होते. त्यांच्या पश्चात ते माझ्या आणि माझा एकुलता एक मुलगा आदिनाथ याच्या नावे लागले. त्यातला माझा हिस्सा आदिनाथला द्यावा. पतीची मोटारसायकल त्याच्याच ताब्यात आहे, ती त्याचीच समजावी.

२. पोस्टातल्या बचतीचा बराच भाग दवाखान्यात गेला. उरेल त्यातून माझे क्रियाकर्म करावे. तेराव्याला पंगत घालू नये. आमटी-भात पुरे. लोकांना बुंदी वाढण्याइतकी आपली परिस्थिती नाही आणि खाणाऱ्यांचीही उद्या त्यांच्या घरी तशी वाढण्याची नाही. त्यातून जे राहील ते नात पूजा हिच्या शिक्षणाला लावावे.

३. गिरणीची खोली, खालची जागा, विजेचा मीटर, मोटर, दगड, पट्टा, दगडाला टाकी लावायची छिन्नी-हातोडी, वजनकाटा आणि बाहेरचा ओटा, हे सर्व पतीच्या मृत्यूनंतर मी स्वतःच्या कमाईतून उभे केले आहे. हे सर्व माझी सून रेश्मा आदिनाथ दरेकर हिने तहहयात वापरावे, चालवावे आणि त्याचे उत्पन्न घ्यावे. तिच्या पश्चात ते पूजाचे होईल. रेश्माला ते विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. आदिनाथला त्यात कोणताही हक्क नाही.

इथे वकिलांनी लेखणी थांबवली. "आत्या, एवढं बास. मृत्युपत्रात कारण लिहायचं नसतं."

मी म्हटले, "कारन न्हाई लिव्हलं तर उद्या पोरगं म्हनंल, म्हातारीला सुनंनं भुलवलं. लिव्ह तू."

"कोर्टात वाचतील हे."

"वाचू दे की. मी कुठं ऐकायला असनार हाय?"

म्हणून पुढचे कलम.

४. वस्तीवरच्या बऱ्याच घरांत सुप्याकडच्या कारखान्यांचा पगार येत होता. तो येत होता तेव्हा माझी गिरणी सकाळची रिकामी असे. बाया दुकानातून पिठाच्या तयार पिशव्या आणत. दिवाळीच्या भाजणीपुरती आणि बाजरीपुरती त्यांना माझी आठवण येई. दोन वर्षांपूर्वी कारखान्यांनी कंत्राटी माणसे कमी करायला सुरुवात केली. आदिनाथही त्यातच घरी आला. त्या महिन्यापासून माझ्या ओट्यावर डब्यांची रांग लागू लागली. वस्तीचे वाईट झाले तेव्हा माझा धंदा चांगला चालला. ते मला कधी गोड लागले नाही, पण खरे आहे.

पुढे डबे हलके झाले. महिन्याचे दळण आठवड्यावर आले, मग दोन-चार दिवसांवर. उन्हाळ्यात वर्षाचे तिखट करणाऱ्या बाया तिखटाची पुडी घेऊन जाताना दिसू लागल्या. गोडेतेलाचा डबा घेणारी घरे पिशवीवर आली आणि पिशवी घेणारी सुट्ट्यावर. गव्हाचा कोंडा काढून टाका म्हणणाऱ्या आता "कोंड्यासकट दे गं" म्हणतात. गेल्या दिवाळीला भाजणीचे डबे जवळजवळ आलेच नाहीत. पोरांपुढे ठेवायला पावशेर चकली विकत आणली की सण झाला. एक बाई गिरणीत सांडलेले पीठ म्हशीसाठी म्हणून झाडून नेते. तिच्या दारात म्हैस नाही. तिचे नाव मी सांगत नाही, वकिलांनाही सांगितलेले नाही.

गिरणीवाल्याला डबा उघडून बघावाच लागतो. गव्हाला दोन दगडांतले अंतर वेगळे ठेवावे लागते, तांदळाला वेगळे. त्यामुळे वरती गहू आणि खाली रेशनचा तांदूळ असला तर मला कळतेच. चपाती पुरवठ्याला यावी म्हणून आता अर्ध्या वस्तीत तसे दळतात. मी दगड त्याप्रमाणे ठेवते आणि झाकण लावून डबा हातात देते. कोणाच्या डब्यात काय आहे ते ओट्यावर येऊ द्यायचे नाही, एवढीच एक शिस्त मी रेश्माला आणि आदिनाथला, दोघांना शिकवली.

५. मालनबाई ही काकासाहेब टेम्पोवाल्यांची बायको. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वस्तीवर आलो. काकासाहेबांचे तीन टेम्पो होते. कारखान्यांचा माल कमी झाल्यावर दोन विकले. आदिनाथ त्यांच्याकडे काम मागायला गेला होता, त्यांनी नाही म्हटले. द्यायला काम नव्हतेच, पण आदिनाथला तो माज वाटला.

मागच्या माघात, बाजाराच्या दिवशी, मी तापाने घरी होते आणि आदिनाथ गिरणीत बसला होता. ओटा भरलेला होता. मालनबाईचा डबा ओतताना तो मोठ्याने म्हणाला, "काय मामी, टेम्पोवाल्यांच्या घरी बी रेशनचा तांदूळ व्हय? मंग आमाला न्हाई म्हनताना लई रुबाब हुता!"

दोघी-तिघी हसल्या. मालनबाई म्हणाली, "दळ बाबा. आधी दळ." दळण अर्धे झाले तेव्हाच तिने डबा ओढला, न दळलेले धान्य पदरात घेतले आणि निघून गेली. हे मला रेश्माने रडत सांगितले. ती तेव्हा तिथेच पीठ भरत होती.

मालनबाईच्या मुलीचे लग्न ठरले होते. नवऱ्या मुलाची मावशी त्या दिवशी ओट्यावर बसली होती. पुढच्या आठवड्यात निरोप आला, मुलाला इतक्यात करायचे नाही. नंतर पाडव्याला त्याच मुलाचे दुसरीकडे झाले. मालनबाईची मुलगी तेव्हापासून ओट्यासमोरून जात नाही, मागच्या बांधाने जाते. मालनबाई दळण एसटीने श्रीगोंद्याला नेते. पीठ वाचवायची वेळ आलेल्या बाईला वर तिकीट पडते.

मी तिच्या दारात गेले होते. तिने अर्धेच दार उघडले. "चांगुणा, तुज्यावर राग न्हाई. पन त्या वट्यावर माजा पाय आता पडनार न्हाई."

६. आदिनाथ, आता तुला सांगते. तू वाईट मुलगा नाहीस. कामावरून घरी बसवलेला माणूस दुसऱ्याच्या ताटात बघायला लागतो, हे मी या दोन वर्षांत बऱ्याच घरांत पाहिले. पण तू ज्या दिवशी मामीला बोललास त्या दिवशी तुझ्या ताटात पडलेल्या चपातीतही रेशनचा तांदूळ होता. त्याआधी चार महिने होता, आणि आजही आहे. रेश्माने मला विचारून दळला. चपाती वातड झाली म्हणून तू तिला दोनदा बोललास. तिने तुला सांगितले नाही आणि वस्तीलाही सांगितले नाही. गिरणी तिला का, याचे उत्तर एवढेच आहे.

गिरणी काढून तिथे पाकिटबंद मालाचे दुकान टाकायचा तुझा विचार मला माहीत आहे. ती पाकिटे घेणार कोण? तू तुझ्या बायकोकडे सहीसाठी कागद घेऊन जाशील, तेही माहीत आहे. ती कदाचित सहीही करील, कारण तिला तुझ्याच घरात राहायचे आहे. म्हणूनच हक्क तहहयात ठेवला आहे. तिच्या सहीने गिरणी विकली जाणार नाही, तेव्हा तिला छळू नकोस.

७. मालनबाईला मी काही ठेवत नाही. साडी ठेवावी, पाटल्या ठेवाव्यात, असे मनात आले होते. पण मी दिलेली वस्तू वस्तीला दिसेल आणि का दिली हे पुन्हा उगाळले जाईल. साक्षीला तरी ये म्हणून रेश्माकडून निरोप धाडला होता. तिने उलट निरोप दिला, "तिला म्हनावं, मयताला येईन. तितं कुनी डबा बघत न्हाई." तिच्या जागी शेजारचे श्रीमंत बाबुराव दरेकर साक्षीला बसले आहेत.

८. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी दिवाळीपर्यंत राहीन असे धरता येत नाही. पुढे काय होईल ते मला दिसते आहे, म्हणून सांगून ठेवते. पूर्वी घरात आठ-पंधरा दिवसांचे पीठ असे. शेजारी मयत झाले, गिरणी सुतकात बंद राहिली, तरी कोणाचे अडत नसे. आता कोणाच्याही डब्यात परवाचे पीठ नसते. माझ्या मातीला आलेल्या बाया घरी जातील तेव्हा त्यांच्यापुढे संध्याकाळच्या भाकरीचा प्रश्न असेल. म्हणून रेश्माने तेरा दिवस थांबू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर लावावी. सुतकात गिरणी चालवली म्हणून लोक बोलतील. सुतकाच्या घरचे पीठ नको म्हणून एखादा दिवस कोणी येणारही नाही. रेश्माने दार उघडे ठेवून बसावे. मग कोणीतरी येईल. ती कोण होती, हे रेश्माने कोणाला सांगू नये.

हे सर्व मला वाचून दाखवले. मी सांगितले तेच लिहिले आहे. डाव्या हाताचा अंगठा न देता सही करत आहे, सातवीपर्यंत शिकले आहे.

स्थळ: काष्टी
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५

(सही) चांगुणा रंगनाथ दरेकर

साक्षीदार:
१. (सही) डॉ. अंगद शेलार, श्रीगोंदा
२. (सही) श्रीमंत बाबुराव दरेकर, दरेकर वस्ती, काष्टी