उंच खोगिराची मोटारसायकल

७ सप्टेंबर

नेदा आली. जर्मनीपासून थेट मोटारसायकलवर! अंगणात उभी केली तेव्हा इंजिन अजून टिकटिकत होतं. शेळ्यांनी वास घेतला आणि मागे सरल्या. मीही वास घेतला. मागे सरलो नाही.

"बाबा, तुम्ही हिची परीक्षा घ्या," म्हणाली. "डांबरावरही आणि जंगलातही. आणि खरं सांगा. माझी आहे म्हणून गोड बोलू नका."

परीक्षा कशासाठी, ते जेवताना कळलं. आमचे गुरांचे डॉक्टर वसंतात मुलाकडे कायमचे राहायला गेले. तेव्हापासून वरच्या कुरणांना वाली नाही. नेदाही गुरांचीच डॉक्टर, ती जागा नगरपालिका तिला देतेय. जर्मनीतल्या तिच्या दवाखान्याला महिनाअखेर कळवायचंय – परत येणार की नाही. वरच्या वाटेवर जीप चालत नाही, आणि पायी जाईपर्यंत अडलेली मेंढी थांबत नाही. दोन चाकंच हवीत.

"गाडी पुरी पडली तर विचार करीन," म्हणाली.

अकरा वर्षं ती तिकडे आहे. विचार करीन म्हणाली, एवढ्यावर मला झोप येत नाहीये.

८ सप्टेंबर

आज नीट पाहिली. फार मोठी नाही, फार छोटीही नाही. हल्लीच्या काही गाड्या कपाटाएवढ्या असतात, तशी नाही. कंबर बारीक. पुढचं चाक मोठं – दगडावरून चढायला हेच लागतं. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा. वनखात्याची माझी जुनी बाजूला डबा जोडलेली गाडी रोज लाथा खायची आणि मगच बोलायची. ही बोट लावलं की बोलते.

त्याच डब्यात घोंगडी पांघरून नेदा बसायची. नाक तेवढं बाहेर.

कुरणात दोन चकरा मारल्या. क्लच इतका हलका की मला वाटलं तुटलाच. पायदानावर उभं राहिलं की हात आपोआप योग्य जागी येतात. गुडघे कुरकुरले, पण ते गाडीचे नव्हेत. खोगीर मात्र उंच. माझे पाय टेकतात, मी काठीसारखा आहे. नेदा आईवर गेलीय, बुटकी. तिच्या बोटांची टोकंच टेकतात.

हे तिला अजून सांगितलेलं नाही.

९ सप्टेंबर

पाऊस. गाडीवर घोंगडी टाकली. नेदा हसली, "बाबा, ती घोडी नाहीये." असू दे.

११ सप्टेंबर

नगरपालिकेच्या गावी, स्मोल्यानला, जाऊन आलो. ती चालवत होती, मी मागे. शहात्तराव्या वर्षी मुलीच्या पाठीमागे बसून डोंगर उतरायचा – कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

डांबरावर एवढी शहाणी गाडी मी पाहिली नाही. वळणात ती आपण होऊन कलते, ओढावी लागत नाही. खड्डे कळतात पण लागत नाहीत. पुढची काच जरा आखूड, वारा थेट टोपीवर येतो. आणि घाटात इंजिनाचा जो ठेका लागला! चौथीत बाईंनी घोडेस्वाराची कविता पाठ करून घेतली होती. तिच्या तिसऱ्या कडव्यात घोडा चढणीला लागतो आणि चाल संथ होते. अगदी तोच ठेका. मी मागून मोठ्याने म्हणू लागलो. नेदाने पुढून कडवं पुरं केलं. लहानपणी डब्यात बसून ऐकलेलं तिला सगळं येतं. शेवटचा शब्द अजून चुकीचाच म्हणते.

दुरुस्त केला नाही.

१४ सप्टेंबर

फाट्यावर स्तोयनाच्या खानावळीत आज भलती गंमत. दोन जर्मन मोटारसायकलवाले आले, भुकेने अर्धमेले. स्तोयनाने घेवड्याच्या सूपचे वाडगे पुढे करून विचारलं, देऊ का? त्यांनी आनंदाने मान खाली-वर केली. तिने वाडगे उचलून आत नेले. पुन्हा आणले, पुन्हा त्यांची मान खाली-वर, पुन्हा वाडगे आत. ते बिचारे रडकुंडीला आले.

नेदा हसून हसून बाकावर आडवी. "आजी, त्यांच्याकडे मान खाली-वर म्हणजे हो!"

"हो?" स्तोयना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हो म्हणायला मान डावी-उजवी डोलवायची असते, हे शेळीलाही कळतं. मग नको म्हणायला काय करतात हे लोक, डोक्यावर उभे राहतात?"

खोगीरवाला मानोल कोपऱ्यातून म्हणाला, "स्तोयना, तू मला तीस वर्षं नाहीच म्हणत आलीस. एकदा त्यांच्या पद्धतीने मोजून बघू या का?"

त्याला आज सूप मिळालं नाही.

१७ सप्टेंबर

जंगलातली परीक्षा. वरच्या कुरणात एक मेंढी अडलीय असा निरोप आला, आणि नेदा औषधांची पिशवी घेऊन निघालीच. मी मागे. पाइनची मुळं, सुटे दगड, मग ओढा. गाडी बकरीसारखी चढली. मागच्या चाकाचा ब्रेक घसरताना आपोआप सुटतो, ते जंगलात बंद करायला बटण आहे. ज्याने हे योजलं तो कधीतरी ओल्या उतरणीवर रडला असणार.

मेंढी वाचली. कोकरूही. नेदा कोपरापर्यंत माखलेली, धापा टाकत गवतावर बसून हसत होती. तिचं ते हसू मी डब्यातल्या दिवसांनंतर पहिल्यांदा पाहिलं. मेंढपाळीण तिच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरी, तुला देवानेच पाठवलं."

परतताना ओल्या चिखलात गाडी थांबवली, तिने पाय खाली टाकला – आणि जमीन नव्हतीच. तिघंही आडवी. मी, ती, गाडी. गाडीला ओरखडा, आम्हाला चिखल. पण दरी दोन हातांवर होती.

१८ सप्टेंबर

दिवसभर मनात एकच, ते उंच खोगीर. सांगितलं नाही तर ती राहील, आणि हिवाळ्यात एकटी त्या वाटेवर पाय टाकेल. सांगितलं तर गाडी पुरी पडत नाही असं होईल, आणि ती जाईल.

शेळ्यांनाही सांगून पाहिलं. त्या चरत राहिल्या.

२० सप्टेंबर

सांगितलं.

परतीच्या वाटेवर, चॅपेलच्या वळणावर, गुरं आडवी आली म्हणून थांबलो होतो. इंजिन चालू, तिच्या डोक्यावर हेल्मेट, मी मागे. समोरासमोर मला जमलं नसतं. पाठीला सांगणं सोपं. तिच्या कानाशी ओरडून म्हणालो, "गाडी फार चांगली आहे. मी आयुष्यात हिच्याइतकी चांगली पाहिली नाही. पण तुला उंच पडते. मानोल खोगिरातला स्पंज दोन बोटं उतरवून देईल, मागची स्प्रिंगही थोडी खाली घेता येते. तेवढं केल्याशिवाय वर जायचं नाही." मग श्वास घेतला. "तेवढं केलं, तर राहशील का?"

तिचं हेल्मेट हललं. खाली, वर. खाली, वर.

'नाही' एकदाच पुरलं असतं.

मी "बरं" म्हणालो. गुरं गेली. घरी येऊन थेट शेळ्यांकडे गेलो.

२१ सप्टेंबर

नेदा स्मोल्यानला गेली. परतीची कामं असणार. विचारलं नाही.

२२ सप्टेंबर

गाडी धुतली. चिखल साखळीच्या दाताआड बसला होता, जुन्या दात घासायच्या ब्रशने काढला. लांबच्या प्रवासाला जाणार, नीट जायला हवी. ओरखड्यावर मेण लावलं. गाडीचा काही दोष नाही. एक कडू गोष्ट सोडली तर तिच्यात सगळं गोडच आहे, आणि ती कडू गोष्टही नेदाच्या आईच्या बुटक्या घराण्यामुळे.

नेदा दारातून बघत होती. हल्ली आम्ही दोघंही बोलत नाही.

२४ सप्टेंबर

भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरल्या. मध्ये लोकर कोंबली, खडखडू नयेत म्हणून. डोंगरी चहाची जुडीही ठेवली. तिकडच्या थंडीत लागेल. गाडीच्या मागच्या पेटीचं माप घेतलं होतं, खोकं बरोबर बसतं. पेटी चांगली केलीय, झाकणाला रबर आहे. पावसाचा थेंब आत जाणार नाही.

मानोल कुंपणावरून म्हणाला, "हारितोन, लेका, पोरीला हाकलतोयस का?"

मी खोक्याला दोरी आवळली.

२५ सप्टेंबर

जेवायला बटाट्याचं पाटातनिक केलं, तिला आवडतं ते. अर्धं उरलं.

२६ सप्टेंबर

सकाळी नेदा खोक्यापुढे उभी. डोळे लाल. "मी राहणं तुम्हाला नको होतं, तर तोंडाने सांगायचं होतंत, बाबा. वळणावर मी हो म्हटलं, तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात. मी स्मोल्यानला जाऊन सही करून आले, तर तुम्ही माझी गाडी धुताय, बरण्या बांधताय."

"हो कधी म्हणालीस?"

तिने मान हलवून दाखवली. खाली, वर. मध्येच थांबली. हात मानेवर गेला.

बरण्या परत फडताळात लावल्या. मानोल सुरी घेऊन अंगणात बसलाय, खोगीर दोन बोटं उतरवतोय.