खाली ‘अपूर्ण’ अशी पाटी लावलेली माझी छायाचित्रे काढण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
कलासंग्रहालय.

विषय : दालन क्र. ३ मधील माझी सहा छायाचित्रे व त्यांखालील पाटी काढून घेणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. १४ चे पत्र (पुराव्याची मागणी).

महोदय,

मी कलाविद्यालयाच्या ओतकाम विभागात अठरा वर्षे साचेकार आहे. शिल्पकार मातीत मूर्ती घडवतात. मी तिच्यावर प्लास्टरचा साचा चढवून पक्की मूर्ती काढतो. ज्यांच्या मूर्तीबद्दल हा अर्ज आहे, ते शिल्पकार माझे अकरा वर्षांचे मित्र. विद्यालयात त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणत आलो.

गेल्या वर्षी दादांनी मला ग्रीक पुराणातली कायनेउसची गोष्ट सांगितली. जन्माने ती मुलगी. समुद्रदेवाने तिच्यावर बळजबरी केली आणि मग वर माग म्हणाला. तिने पुरुष होण्याचा वर मागितला. पुढे त्याच्या अंगावर शस्त्र चालेना, म्हणून शत्रूंनी झाडांचे ओंडके टाकून त्याला जिवंत गाडले. मीही जन्माच्या दाखल्यावर मुलगी होतो. मात्र मला पुरुष व्हायला कोणाची बळजबरी लागली नाही, मी होतोच, हे मी दादांना तेव्हाच बजावले. ते हसले आणि म्हणाले, म्हणूनच मूर्तीसाठी तू हवास.

आमच्या विभागाच्या खोलीत भिंतीला लागून ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रती उभ्या आहेत. डोक्याच्या किती पट उंची असली म्हणजे देह सुंदर, हे विद्यार्थी त्यांच्यावरून शिकतात. मी त्या मापात कुठेच बसत नाही. उंची बेताची, कंबरेखाली रुंद, छातीवर शस्त्रक्रियेचे दोन आडवे व्रण. दादा म्हणाले, “तुला मापात बसवायचं नाही. मापच तुझ्यावरून घ्यायचंय.” मी भाळलो, हे मान्य करतो.

माझी अट एकच होती, अंगात तसूभरही बदल करायचा नाही. चार महिने दुपारी दोन ते चार, दार आतून लावून मी उभा राहिलो. डॉक्टर आणि आई सोडून कोणापुढे मी सदरा काढला नव्हता. पहिल्या दिवशी सदऱ्याची बटणे काढायलाच वेळ लागला. दादा पाठ फिरवून माती मळत बसले आणि मी ‘हं’ म्हणेपर्यंत वळले नाहीत. असे वागलेल्या माणसाबद्दल पुढचे लिहावे लागते, याचाच जास्त त्रास होतो.

साच्यासाठी मूर्ती माझ्याकडे आली. ओली फडकी सोडवली तर आत दुसराच माणूस. कंबर तासलेली, खांदे वाढवलेले, व्रण बुजवलेले, आणि मान तर थेट भिंतीशी उभ्या असलेल्या ग्रीक खेळाडूची. दादांना विचारले. संग्रहालयाच्या निवड समितीला देखणा देह हवा होता, आत्मा तुझाच आहे, असे त्यांनी मला समजावले. नोकरीचे काम म्हणून साचा मीच केला. त्यात एकही बुडबुडा राहू दिला नाही.

इथवर मी गिळून टाकले असते. पण प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आईला घेऊन गेलो. मूर्तीखाली पाटी होती ‘पूर्ण’. शेजारच्या भिंतीवर, दादांनी अभ्यासासाठी म्हणून काढलेली माझी सहा छायाचित्रे, मानेच्या वर कापलेली, आणि खाली पाटी ‘अपूर्ण’. आईने चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि मला हळूच विचारले, “ह्याला अपूर्ण कोण म्हणालं?” शस्त्रक्रियेनंतर माझ्या पट्ट्या तिनेच बदलल्या होत्या. तिला ओळखायला चेहरा लागत नाही.

आपल्या कार्यालयाला मात्र लागतो. पत्रात म्हटले आहे की चेहरा दिसत नसल्याने छायाचित्रातील व्यक्ती मीच असल्याचे सिद्ध करावे, त्यासाठी त्याच अवस्थेतील दोन साक्षांकित छायाचित्रे द्यावीत आणि त्रिसदस्यीय समितीपुढे ‘प्रत्यक्ष पडताळणीस’ हजर राहावे. म्हणजे सहा काढून घेण्यासाठी आणखी दोन द्यायची. मी डॉक्टरांचा दाखला नेला, तर कारकून म्हणाले की दाखला व्रणांचा आहे, छायाचित्रांचा नाही. त्यांचेही बरोबर असेल.

पत्रासोबत दादांचे निवेदन आहे : “छायाचित्रातील व्यक्ती बाहेरून आलेली होती. अर्जदारास मी केवळ साचेकार म्हणून ओळखतो.” महोदय, माझ्या जन्माच्या दाखल्यावरची नोंद बदलताना साक्षीदार म्हणून सही दादांच्या याच हाताने केली आहे. कायनेउसवर ओंडके टाकणारे निदान त्याचे शत्रू तरी होते.

मूर्ती राहू द्यावी. ती माझी नाही, तिच्याशी माझे भांडणही नाही. छायाचित्रे आणि ती पाटी काढावी, एवढीच विनंती आहे. पडताळणीला मी येतो, समितीपुढे सदरा काढतो. दादांना मात्र त्याच खोलीत समोर बसवावे आणि त्यांचे निवेदन त्यांनी स्वतः मोठ्याने वाचावे. त्यांनी ते न अडखळता वाचून संपवले, तर मी हा अर्ज मागे घेईन.

तारीख कळवावी, मी रजा काढून येईन.

आपला नम्र,
(सही)
साचेकार, ओतकाम विभाग
दि. १९

सोबत :
१) नोंद बदलल्याच्या दाखल्याची प्रत, साक्षीदाराच्या सहीसह.
२) छायाचित्रे जोडलेली नाहीत.
३) आईचे निवेदन. ते तिने स्वतः लिहिले आहे, मी त्यात काही सुधारलेले नाही : “साही फोटोत माझा मुलगा आहे. पुर्ण आहे.”