हातभर उंच गाडी

३ नोव्हेंबर
गॉडफ्रे गाडी घेतोय. मुलगा माझा, अक्कल बायकोकडे गहाण. दोन गाड्या पसंत, दोन्ही हायब्रीड. नात स्टेफी म्हणाली, पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही. म्हणजे दोन दगडांवर पाय. चौथी शिकलेल्या मला कळतं, यांना कळत नाही. पसंती मीच करणार. रविवारी पुढच्या सीटवर बसून चर्चला जाणार आणि शेजारच्या एलिसासमोर टुणकन उतरणार. तिला मुलाच्या गाडीत चढायला-उतरायला पाट लागतो. मासे साफ करायचा! शी.

८ नोव्हेंबर
शोरूमला गेलो. गाड्या एकाच आईच्या, तोंड तेवढं वेगळं. टायवाला पोरगा मायलेज सांगताना असा फुगला, जणू त्याच्या घरच्या म्हशीचं दूध. एक गाडी जरा बुटकी. सून सालोमी म्हणाली, आई, हीच घेऊ, तुमच्या गुडघ्यांना बरी. माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? सुनेचं नाक कापायला उंच गाडीवर बोट ठेवलं. पोरगा म्हणाला, चढून बघा. नाही चढले. आत प्लास्टिकचा वास होता.

१४ नोव्हेंबर
गॉडफ्रे म्हणाला, दोन्ही सारख्याच, आईचं ऐकू. जन्मात एकदा शहाणपणा केला. सालोमीचं तोंड वाळलेल्या बोंबलासारखं. उद्यापासून ओट्याची पायरी चढउतार करणार. गुडघ्यांसाठी नाही. असंच.

१५ नोव्हेंबर
पायरी ओली होती.

१७ नोव्हेंबर
वाडीत केळी कापायला माणसं. त्यांच्यासमोर काय चढायचं.

२२ नोव्हेंबर
गाडी आली. अंगणातून बघितली. उद्या चर्चमधल्या मिस्सेनंतर फादर पवित्र पाणी शिंपडतील, तोवर उगाच कोणी चढू नये असं सांगितलं. गॉडफ्रे म्हणाला, मग मी काय ढकलत आणली? हल्ली फार उलट बोलतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
गॉडफ्रेने खालून ढकललं, सालोमीने आतून ओढलं. बसले. रस्ताभर सगळे बुटके दिसले. चर्चसमोर दार उघडलं, तर जमीन फार खाली. म्हटलं, नवी गाडी आहे, राखायला कोणी नको? मिस्सा आत बसूनच लाऊडस्पीकरवर ऐकली.
फादर आले. चाकांवर शिंपडलं, बॉनेटवर शिंपडलं, मग माझ्यावर. स्टेफी खिदळली. कार्टी.
मग एलिसा आली. मुलाच्या गाडीतून पाट काढून माझ्या पायाखाली ठेवला, हात दिला. म्हणाली, हळू गं, डावा पाय आधी.
पाट मजबूत आहे. बोंबलाचा वास येतो, एवढंच.