बिनमाफी

१ फेब्रुवारी

माणसाला त्याच्या ताकदीइतकंच कठीण द्यावं, की थोडं जास्त? मुलाखतीत मालकांनी हा प्रश्न विचारला आणि मी सरळ सांगितलं, मला याचं उत्तर येत नाही. तरी नोकरी मिळाली. मालक म्हणाले, उत्तर पाठ करून आलेले दोघे आत्ताच परत गेले.

तर आजपासून मी एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत आहे. कंपनी म्हणजे फर्निचरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिन्यात सतत पॉलिशचा वास. माझ्या खुर्चीचा एक हात सैल होता, तो मी सुतळीने बांधला. गेम सामुराईचा आहे. वाळलेल्या गवताचं माळरान, एक लाकडी पूल, पुलावर एकच प्रतिस्पर्धी. त्याचा चेहरा शिरस्त्राणात झाकलेला. त्याचा वार नेमक्या क्षणी अडवायचा आणि मग आपला करायचा, एवढाच खेळ, पण बघत राहावं असा. त्याच्या चिलखताचं चित्र इथल्या चित्रकार शाईताईने काढलंय. तिची बोटं कायम काळी असतात म्हणून सगळे तिला शाईताई म्हणतात. तिने मला आल्या आल्या बजावलं, हरलीस तर कीबोर्डवर रडायचं नाही, तो कंपनीचा आहे.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबा म्हणाले, खेळायचा पगार देतात? मग आम्ही उगाचच जन्मभर विटा उचलल्या. बाबा गवंडी आहेत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ती पदवी कशाच्या कामी आली हे त्यांना एकदा इथे आणून दाखवायचं आहे.

६ फेब्रुवारी

काम कळलं. गेममध्ये चार पातळ्या आहेत : शिकाऊ, शिपाई, सामुराई, बिनमाफी. शिकाऊला प्रतिस्पर्धी जवळजवळ सांगून वार करतो. बिनमाफीत एक चूक झाली की संपलं. शिवाय तिथे तो तुम्हाला शिकत जातो. तुम्ही दर वेळी डावीकडे सरकता, घाव घालण्याआधी एक पाऊल मागे घेता, अशी जी काही सवय असेल ती तो टिपतो आणि बरोबर तिच्यावर येतो.

या गेमची एक रीत आहे. खेळणाऱ्याने आपली पातळी स्वतः निवडायची नाही. शेजारी बसलेल्या माणसाने त्याचे हात बघून निवडायची. मालकांचं म्हणणं, स्वतःला विचारलं तर निम्मे लोक शेखी मिरवतात आणि निम्मे पाय लावून पळतात. आपल्याला काय झेपतं ते आपल्या माणसालाच माहीत असतं. मला हे फार पटलं.

नव्या माणसाने आपल्या घरातल्या कुणाला तरी आणून त्याची पातळी निवडायची, ही इथली परीक्षा. मी बाबांना बोलावलंय.

१३ फेब्रुवारी

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मालकांना वाकून नमस्कार करायला निघाले, मी हात धरला. कंट्रोलर त्यांनी थापी धरावी तसा एका हातात धरला. शाईताई म्हणाली, काका, त्याने भिंत लिंपायची नाहीये. बाबा म्हणाले, सवय आहे बाई, हातात काही आलं की भिंत शोधतो.

पहिल्या सरावात सगळे माझ्याकडे बघत होते. मालक हळूच म्हणाले, शिकाऊ देऊन टाक, म्हाताऱ्या माणसाला जिंकू दे. मला ते लागलं. या माणसाला आजवर जो भेटला त्याने थोडं कमीच दिलं : कमी मजुरी, कमी मान, आणि आता कमी कठीण खेळ. बांबूच्या परांचीवर उभं राहून ओळंब्याशिवाय सरळ भिंत उचलणाऱ्याला मी शिकाऊ म्हणू?

मी बिनमाफी निवडली. शाईताईचा हात ब्रशवर थांबला, मग ती पुन्हा चिलखत रंगवू लागली.

बाबा हरत राहिले आणि हसत राहिले. म्हणाले, हा गडी कामाचा आहे. उगाच हात चालवत नाही, आपली चूक व्हायची वाट बघतो. आमचा जुना मुकादम असाच होता. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आज मी त्यांना कमी दिलं नाही.

१६ फेब्रुवारी

आज एक दोष सापडला. बाबांच्या नावाने गेम उघडला तर पूल रिकामा. गवत हलतंय, वारा वाहतोय, प्रतिस्पर्धी जागेवर नाही. बाकी कुणाच्याही नावाने उघडलं की तो उभा असतो. मी तसं कळवलं. प्रोग्रामरने सगळं तपासलं आणि म्हणाला, आत सगळं जिथल्या तिथे आहे. मग कुठे गेला, विचारलं तर म्हणाला, जेवायला गेला असेल.

सगळे हसले. शाईताई हसली नाही.

२० फेब्रुवारी

बाबांचा फोन. मजेत होते. मुकादमाने कामावर नवा माणूस आणलाय म्हणाले, पण मुलखाचा आळशी. दिवसभर परांचीच्या टोकाला उभा असतो, घमेलंसुद्धा उचलत नाही. तोंडावर काहीतरी बांधलेलं असतं, धुळीमुळे असेल. हाक मारली तर ओ देत नाही. फक्त माझं काम बघत राहतो.

मी विचारलं, कुठल्या बाजूला असतो. म्हणाले, डाव्या. वीट बसवून मी सिमेंटचा माल घ्यायला वळतो ना, त्या बाजूला.

मी स्वतःला समजावलं की मजूर तोंडाला फडकं बांधतातच.

२४ फेब्रुवारी

आईचा फोन. बाबांच्या दंडावर जखम झाली आहे. कशाने झाली ते त्यांना सांगता येत नाही. माल घ्यायला वळले आणि बाही फाटली, रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, पत्रा लागला असेल. बाबा म्हणतात, तिथे पत्रा नव्हताच. जखम सरळ आहे, ओळंबा धरून कापल्यासारखी. हेसुद्धा बाबांनीच हसत सांगितलं.

त्यांना म्हटलं, काही दिवस कामावर जाऊ नका. म्हणाले, पोरी, वीट काय माझी वाट बघत बसणार आहे?

२५ फेब्रुवारी

शाईताईला गाठलं. तिने ब्रश धुतला, पुसला, परत धुतला. मग सांगितलं. माझ्या खुर्चीवर आधी जो होता, त्याची पातळी तिनेच निवडली होती. फार बढाया मारायचा, म्हणून गमतीने बिनमाफी दिली. उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या गाळून उडी मारायची त्याला सवय होती. एके दिवशी दुपारी उडी मारली, ती शेवटचीच. मान मोडून गेला. त्याच्या आधी आठवडाभर तो सांगत होता की जिन्याच्या तळाशी कुणीतरी उभं असतं.

मी म्हटलं, मला थांबवलं का नाहीस. ती म्हणाली, थांबवलं असतं तर हे सगळं खरं आहे असं मलाच मान्य करावं लागलं असतं.

मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, घरी जा, झोप काढ.

२७ फेब्रुवारी

बाबांच्या पायाखालची फळी निघाली. एका हाताने लोंबकळले, लोकांनी वर ओढलं. पुन्हा वळतानाच. म्हणतात, तो आता टोकाला नसतो. मधे आलाय. हात लांब केला तर लागेल इतका.

पहिल्यांदाच हसले नाहीत.

उद्या जाऊ नका म्हटलं तर — म्हणाले, घरीही येतो गं. मोरीच्या दाराशी उभा असतो.

२८ फेब्रुवारी

बाबांची पातळी शिकाऊवर आणायला गेले. होत नाही. शिपाईवरही नाही. पडद्यावर एक ओळ येते : प्रतिस्पर्धी दुसऱ्या कुणाला द्या. ज्याने पातळी निवडली, तोच देऊ शकतो.

खाली नावं. ज्यांनी ज्यांनी हा गेम खेळला त्या सगळ्यांची. मालक. शाईताई. प्रोग्रामर. मी. 'कुणालाच नाही' असं काही नाही. शोधलं. नाही.

शाईताईला दाखवलं. तिने बराच वेळ वाचलं. म्हणाली, ही ओळ मला तेव्हाही दिसली होती. मी बंद करून टाकलं. आणखी काय करणार होते, तूच सांग.

माझं बोट मालकांच्या नावावर होतं. खोटं कशाला लिहू. ते पलीकडे फोनवर कुणाला तरी खेळ समजावून सांगत होते, अगदी आनंदात. त्यांनी काय केलं? एक प्रश्न विचारला. हात बघून निवडलं ते मी. तेही चुकीचे हात बघून — बाबांचे बघायचे सोडून माझ्या स्वप्नांचे —

खोलीवर आले. काही केलं नाही. भ्याले.

१ मार्च

सकाळी आईचा फोन. बाबा आंघोळीला गेले नाहीत. मोरीच्या दारापाशी जमिनीवर बसून आहेत. उठत नाहीत. म्हणतात, उठलो की वळावं लागेल.

३ मार्च

बाबा आज कामावर गेले. मोरीत कुणी नाही, परांचीवर कुणी नाही. त्यांना वाटतं, दंडावरच्या औषधाचा गुण. आईने सांगितलं, भांडं वाजवत गात होते.

मी परवाच, तो फोन ठेवल्या ठेवल्या ऑफिसला जाऊन माझं नाव निवडलं. विचारून घेण्यासारखं काही नव्हतं. झालं ते. त्यानंतर बाबांची पातळी शिकाऊवर आणता आली.

ऑफिसात जिन्याच्या वळणावर पॉलिशच्या वासात — होता. लांब. अजून शिकतोय मला.

४ मार्च

सवय म्हणून काही ठेवायची नाही. दुसऱ्या रस्त्याने जाते. उशाशी पाय करून झोपते. चहा सोडला. लिहिते डाव्या हाताने, म्हणून अक्षर असं —

५ मार्च

आता तो खोलीत. खिडकीजवळ. तलवार अजून म्यानात. बाबांना फोन केला, काही सांगितलं नाही. ते म्हणाले, कसला विचार करतेस, श्वास तरी घे जरा.

सगळं बदलता येतं. चाल, हात, वेळ. पण श्वास आत येतो तसाच बाहेर जातो, आणि बाहेर जाताना खांदा थोडा खाली — त्याचं लक्ष खांद्याकडे आहे, कधीपासून — पाऊल उचललं त्याने — मी नाव परत बदललेलं नाही. बदलणार नाही. बाबांचं शिकाऊवर आहे, ते कायमचं केलंय, आणि आता मी फक्त हा एक श्वास धरून —