दोनदा फुटलेलं दार

प्रिय ताई,

फोनवर त्याचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून कागद घेतला. आत्याला बजावलंय, तुझं वाचून होईपर्यंत समोरून हलू नकोस. रविवारी तो तुला घरी न्यायला येणार, हे तिच्याकडूनच कळलं. रडला म्हणे. पाया पडला म्हणे. अगं, गेल्या वेळीही पडला होता, तेव्हा तुझा जबडा तारेनं बांधलेला होता! त्याला भाऊजी म्हणायला माझी जीभ आता वळत नाही, तेव्हा तेवढं मागू नकोस.

तू नेहमी विचारतेस, ऑफिसात नक्की करतेस काय गं, भांडकुदळ? तोडफोड करते, बाई. सिनेमांसाठी, कॉम्प्युटरवर. सध्या एक दार फोडतेय. आधी दाराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एकेका कणाला बांधायचा, म्हणजे कॉम्प्युटर हलवतो त्या न दिसणाऱ्या ठिपक्याला. कण उडाला की तुकडाही उडतो. मग शेजारशेजारच्या कणांना सांधे द्यायचे आणि कुठल्या सांध्यानं किती मार सोसायचा ते ठरवायचं. तेवढा मार बसेपर्यंत दार अख्खं दिसतं, चीरसुद्धा दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

माझं पहिलं दार दिग्दर्शकानं परत पाठवलं. काचेसारखं फुटतंय म्हणाला. मग मी तुझ्या स्वयंपाकघराचं दार आठवलं. आपण दोघी आत, टेबल दाराला लावून पाठीनं रेटत होतो. आधी कडीजवळ भेग गेली, मग मधली फळी आत आली, तिच्यामागून त्याचा बूट. वरची बिजागरी मात्र शेवटपर्यंत सुटली नाही, दार तिच्यावर लोंबत राहिलं. आणि त्याच फळीचा तुकडा उचलून त्यानं तुझ्या तोंडावर हाणला. ते फुटणं मी जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवलं. दिग्दर्शक खूश. कुठून सुचलं, म्हणे. मेल्याला काय सांगणार!

पुढच्या दृश्यात तेच दार, डागडुजी केलेलं, पुन्हा फोडायचं होतं. मी उडालेले तुकडे गोळा केले, हातानं जागेवर बसवले आणि सांधले. दिसायला झकास. कॉम्प्युटरवर दृश्य चालवलं, तर कोणी हातही लावायच्या आत ठिकऱ्या छताला लागल्या. तुकडे केसभर एकमेकांत घुसले होते आणि मी तसेच घट्ट बांधून टाकले होते. सुटायला ते टपलेलेच होते. सगळे पोट धरधरून हसले. मला काही हसू येईना. आत्याच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं आणि तू टेबलाखाली जाऊन बसलीस, ते आठवलं. शेवटी सगळे तुकडे टाकून दिले आणि दार नव्यानं बनवलं.

आता खरं ते सांगते. परवा संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता. मी तुझे कान भरते म्हणून. मी दार उघडलं नाही. पहिली लाथ कडीवर बसली आणि मला पुढचं सगळं ठाऊक होतं, भेग कुठे जाणार, कुठली फळी आत येणार. ऑफिसात खऱ्या फळ्या फोडून बघायचा हातोडा खिळा ठोकायला घरी आणलेला होता. फळी सुटली, कडी काढायला त्याचा हात आत आला आणि मी त्या हातावर हातोडा घातला. एकदाच नाही घातला, ताई. हाडं मोडलेली ऐकू येतात गं. मला थांबता येईना. शेजारच्या काकांनी मागून धरलं तेव्हा थांबले. रविवारी तो येणार नाही. दवाखान्यात आहे, खोलीबाहेर पोलीस आहे. आज ना उद्या त्याचा फोन येईल, रडेल, तुझ्या बहिणीनं माझा हात मोडला म्हणेल. ते खरं आहे, आणि ते तू आधी माझ्याकडून ऐकावंस. सुतार म्हणाला, याच दाराला पट्टी ठोकून देतो. मी नको म्हटलं, नवीन बसवलं, त्याची एक किल्ली सोबत पाठवतेय. पोलिसांनी मला विचारलं, याआधी त्यानं कधी दार फोडलं होतं का, कोणाला मारलं होतं का. माझ्या बहिणीला विचारा, म्हटलं. ते येतील. या वेळी तरी न्हाणीघरात पाय घसरला होता असं सांगू नकोस.

तुझीच,
भांडकुदळ