शून्य कोणत्या बाजूला

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी परवापासून टाइप करताना तुम्ही माझ्या मागे उभ्या आहात असं वाटतंय.

अजून डोळ्यांसमोर आहे: रहिमतपूरच्या तुमच्या टायपिंग क्लासात मी पावसाच्या मिलिमीटरचा तक्ता काढतोय. सगळे आकडे डावीकडून सुरू केलेत, त्यामुळे नवाच्या खाली एकशे चार भलतीकडेच लोंबतायत. तुम्ही मशिनमधून कागद उपसता. "आकडा उजवीकडनं धर रं! एकंखाली एकं आलं न्हाई तर त्यो तक्ता न्हवं, नुसती रांगोळी हाय." मग आधी अंक मोजायचे, तेवढी घरं मागं यायचं आणि मगच बोट ठेवायचं. तेव्हा तुमचा भारी राग यायचा.

आता मी वेबसाइटी बनवतो. मलकापुरातल्या एका छोट्या दवाखान्याला पेशंटांची शुगर दाखवणारं पान करून दिलं. मोकळी जागा सोडून आकडे सरळ करावेत, तर ब्राउझर ती जागा गिळून टाकतो. म्हणून तीन घरं ठरवली आणि कमी पडेल तिथे शून्य भरायला सांगितलं. कोणत्या बाजूला, ते लिहायचं राहिलं. न सांगितलं की प्रोग्राम शून्य उजवीकडे भरतो. तपासायला घेतलेल्या सगळ्यांची शुगर तीन आकडी होती, रांग सुतासारखी सरळ आली आणि मी खूश.

परवा सकाळी पान सुरू झालं आणि तासाभरात तिथल्या सिस्टरांचा फोन. "आवं, हितं एक आज्जी घामानं भिजल्यात, थरथरत्यात, आन् पानावर शुगर चारशे ऐंशी! डॉक्टर फोनवर इन्शुलिन द्या म्हनले. मला काय पटंना." मी आत साठवलेली नोंद उघडली. खरी शुगर अठ्ठेचाळीस होती, पुढचं शून्य माझ्या पानानं चिकटवलेलं. "देऊ नका! बोटातलं रक्त घेऊन परत बघा," एवढंच मी ओरडलो. त्यांनी बघितलं, ग्लुकोज दिलं, आज्जी सावरल्या. मी एक शब्द घालून बाजू बदलली. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी पान उघडतो आणि दोन आकडी शुगर दिसली की शून्य कोणत्या बाजूला आहे ते बोट ठेवून बघतो. मला फार भीती वाटते, बाई.

हे खरं तर सिस्टरांना सांगायला हवं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही. परवाच दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला होता. "आता तर अठ्ठेचाळीसच दिसतंय. माझंच वाचायला चुकलं असंल. डॉक्टर लय बोलले मला. तुमाला उगंच तरास झाला, सॉरी हं."

मी म्हणालो, "असू द्या, होतं असं."